नवा माग की जुना : सोलापूरच्या विणकामातील एका निर्णयाची परिभाषा

सोलापुरातील एखाद्या कारखानदाराकडे धोट्याचे सहा-आठ यंत्रमाग असतात. त्यांवर चादरी किंवा टर्किश टॉवेल निघतात. एके दिवशी यंत्रांचा विक्रेता धोट्याविना चालणाऱ्या मागाचे माहितीपत्रक त्याच्यापुढे ठेवतो. पत्रकावर सर्वांत ठळक असतो तो एक आकडा : मिनिटास इतके फेरे. जुन्या मागाचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. येथून पुढे बोलणे ज्या शब्दांत होते, ते शब्द बारकाईने पाहण्याजोगे आहेत. ‘वेग’, ‘उत्पादन’, ‘कार्यक्षमता’ आणि ‘सुधारणा’ हे चार शब्द अशा संभाषणात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि वेग दुप्पट म्हणजे उत्पादन दुप्पट, उत्पादन दुप्पट म्हणजे प्राप्ती दुप्पट, अशी साखळी नकळत तयार होते. ह्या साखळीतील एकही कडी तर्कदृष्ट्या आवश्यक नाही. पण कर्ज फेडावयाचे असते ते ह्या साखळीच्या भरवशावरच.

हा प्रश्न शहरास नवा नाही. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली व लोक तिला पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. गिरणीच्या जोडीला हातमाग होतेच, आणि ते चालविणाऱ्यांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा भरणा मोठा होता. हातमाग टिकवावा की विजेवर न्यावा, ह्याची चर्चा स्वातंत्र्यानंतरच्या दशकात देशभर झाली. कानुनगो समितीने १९५४ च्या अहवालात हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर व्हावे असा कल दाखविला. उलट, दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली रोजगाराची बाजू पुढे करून यंत्रमागांच्या वाढीला आवर घालण्याचा पक्ष घेतला. दोन्ही समित्यांचा आधार एकाच वस्तुस्थितीचा होता. एकीने मागामागे निघणारे कापड मोजले, दुसरीने कापडामागे जगणारी माणसे मोजली. सोलापूरपुरते बोलावयाचे तर येथील विणकर समाजांची आर. जी. काकडे यांनी केलेली पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ सालीच प्रसिद्ध केली होती, आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली झालेला सोलापूर शहराचा अभ्यास १९६५ साली ग्रंथरूपाने आला. ह्या शहरातला माग मोजला गेला नाही, अशी तक्रार कोणास करता येणार नाही. मोजताना कोणते एकक वापरावे, हा वाद मात्र तेव्हापासून चालत आला आहे.

विणकामाची क्रिया मुळात साधी आहे. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे दोन थरांत विभागून त्यांच्यात फट पाडावयाची, त्या फटीतून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा पलीकडे न्यावयाचा आणि फणीच्या ठोक्याने तो आधीच्या धाग्याशी बसवावयाचा. जॉन के याने १७३३ साली इंग्लंडमध्ये उडत्या धोट्याची युक्ती काढली, एडमंड कार्टराइटने १७८५ साली माग यंत्रशक्तीवर चालविण्याचा प्रयत्न केला, आणि झाकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिऑन येथे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणण्याची सोय केली. सोलापुरी चादरीवरील वेलबुट्टी ही ह्या तिसऱ्या शोधाची वारसदार आहे. पण ह्या सर्व फेरफारांत एक गोष्ट बदलली नाही. बाण्याचा धागा पलीकडे नेण्याचे काम धोट्याकडेच राहिले.

धोट्याची अडचण त्याच्या वजनात आहे. आत सुताची कांडी बसविलेला लाकडी धोटा पाव-अर्धा किलोचा असतो. एका फेऱ्यात तो जो धागा मागे ठेवतो, त्याचे वजन ग्रॅमच्या लहानशा अंशाइतके भरते. इतका हलका धागा नेण्यासाठी इतका जड वाहक दर फेऱ्यास शून्यापासून वेगात आणावयाचा आणि पलीकडच्या पेटीत आपटून थांबवावयाचा, असा हा व्यवहार आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील गल्ल्यांत जो खडखडाट ऐकू येतो, त्याचा मोठा भाग ह्या आपटण्याचा आहे. गतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एका फेऱ्यास लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेगाबरोबर मिनिटातील फेरेही वाढत असल्यामुळे धोटा फेकण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. म्हणजे फेरे दुप्पट करावयाचे झाल्यास ह्या एका कामासाठी आठपट शक्ती हवी. धोट्याच्या मागाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला नाही, ह्याचे कारण कारागिराच्या आळसात नव्हे, ह्या घनात आहे.

यास्तव धोटाच काढून टाकण्याचा मार्ग शोधला गेला. स्वित्झर्लंडमधील सुल्झर कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेल्या मागात एक लहानसा धातूचा तुकडा धागा पकडून पलीकडे जातो. हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने धागा नेणारेही माग निघाले. चादर व टॉवेल ह्यांच्या धंद्यात ज्याचे नाव अधिक ऐकू येते, तो माग म्हणजे रॅपिअर. त्यात एका बाजूची पट्टी धाग्याचे टोक पकडून मध्यापर्यंत नेते, आणि तेथे दुसऱ्या बाजूची पट्टी ते स्वीकारून पलीकडे ओढून घेते. धागा मागाशेजारी ठेवलेल्या मोठ्या कोनावरून सरळ येतो. त्यामुळे कांडी लागत नाही, आणि कांडी संपली म्हणून माग थांबतही नाही.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘रॅपिअर’ हा शब्द मूळचा एका सडसडीत युरोपीय तलवारीचा. लांब पट्टी फटीत शिरते ह्या साम्यावरून तो मागास मिळाला, हे सहज लक्षात येते. मराठीने हातमागावरून ‘यंत्रमाग’ हा समास घडविला आणि तो रुळला. पण त्यापुढच्या पिढीतील मागास मराठी नाव मिळाले नाही, इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरला. याउलट जुन्या मागाची शब्दसंपत्ती पाहावी. मराठीतील ‘माग’, कन्नडमधील ‘मग्ग’ आणि तेलुगूतील ‘मग्गमु’ ही रूपे शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरात सहज ये-जा करावी तशी आहेत. पण मागाच्या आत शिरले की भाषा वेगळ्या होतात. मराठी ज्याला धोटा म्हणते त्याला तेलुगू ‘नाडे’ व कन्नड ‘लाळि’ म्हणते. मराठीचा ताणाबाणा तेलुगूत ‘पडुगु-पेक’ होतो आणि कन्नडमध्ये ‘हासु-होक्कु’. तीन भाषांच्या संगमावरील ह्या शहरात एकाच मागाला तीन भाषांतून हाक मारता येते. नव्या मागाच्या बाबतीत तिघांचाही शब्द एकच, आणि तो तिघांचाही नव्हे. ही केवळ भाषाभ्यासकाच्या आवडीची गोष्ट नाही. ज्या यंत्राच्या भागांना घरचे नाव नसते, त्याच्या दुरुस्तीचे ज्ञानही बहुधा घरचे नसते. जुन्या मागाचा बिघाड जॉबर कानाने ओळखतो. नव्याच्या नियंत्रक पेटीतील बिघाडासाठी बाहेरून माणूस येण्याची वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहण्याचे दिवस माहितीपत्रकात छापलेले नसतात.

आता मूळ आकड्याकडे वळावयास हरकत नाही. ‘वेग’ ह्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या राशी दडलेल्या आहेत. पहिली राशी म्हणजे मिनिटास होणारे फेरे. दुसरी म्हणजे मिनिटास घातला जाणारा बाण्याचा धागा. ती फेऱ्यांना पन्ह्याने गुणून मीटरमध्ये मिळते. तिसरी म्हणजे पाळीच्या अखेरीस रुळावर गुंडाळले गेलेले विकाऊ कापड. विक्रेता पहिली सांगतो, अभियंता दुसरी विचारतो, कर्जाचा हप्ता तिसरीतून भागतो.

ह्यांतील अंतर एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. जुना माग मिनिटास ११० फेरे व नवा २५० फेरे करतो असे धरू. एक मीटर कापडास १,८०० फेरे लागतात असेही धरू. दोन्ही माग क्षणभरही न थांबता चालले, तर जुन्यावर तासास सुमारे ३.६७ मीटर आणि नव्यावर ८.३३ मीटर कापड निघेल. हे गुणोत्तर २.२७ चे. परंतु माग थांबतात, आणि थांबण्याचे मुख्य कारण धागा तुटणे हे आहे. सूत चांगले, खळ नीट बसलेली, आणि दर २,००० फेऱ्यांस एकदा धागा तुटतो, तो सांधण्यास एक मिनिट लागते असे मानल्यास, जुना माग सुमारे १८ मिनिटे चालून एक मिनिट थांबेल. त्याची कार्यक्षमता शेकडा ९५ च्या आसपास राहील. नवा माग ८ मिनिटे चालून एक मिनिट थांबेल. त्याची शेकडा ८९. सूत हलके निघाले व दर ५०० फेऱ्यांस धागा तुटू लागला, तर जुन्याची कार्यक्षमता शेकडा ८२ वर येते, पण नव्याची शेकडा ६७ वर घसरते. कारण उघड आहे. यंत्राचा वेग वाढला तरी गाठ मारणाऱ्या बोटांचा वेग तोच राहतो, आणि थांबलेल्या प्रत्येक मिनिटात नवा माग ११० नव्हे तर २५० फेरे गमावतो. ह्या दुसऱ्या स्थितीत उत्पादनाचे गुणोत्तर २.२७ वरून १.८५ पर्यंत उतरते. एकाच विणकराकडे अनेक माग असतील तर एका मागाची गाठ मारली जात असता दुसरा वाट पाहत उभा राहतो, आणि हे गुणोत्तर आणखी खाली येते. शिवाय वाढलेल्या वेगात ताण्यावरील ताण व घर्षणही वाढत असल्याने तुटण्याचे प्रमाण दोन्ही मागांवर सारखे राहील, हे गृहीतकच नव्या मागाच्या बाजूने उदार आहे.

ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की नव्या मागाचा विचार सुताच्या विचारापासून तोडून करता येत नाही. उत्तम सूत, काळजीपूर्वक झालेली पांजणी आणि स्थिर वीजपुरवठा ह्यांचा खर्च ज्यास परवडतो, त्यालाच नव्या मागाचा वेग पदरात पडतो. स्वस्त सुतावर स्वस्त माल काढणाऱ्याने वेगवान माग घेणे म्हणजे खडकाळ वाटेसाठी शर्यतीचा घोडा विकत घेण्यासारखे आहे.

पन्ह्याचा प्रश्नही ह्याला जोडूनच येतो. रुंद नव्या मागावर तीन टॉवेल शेजारी शेजारी विणून मधून कापता येतात, आणि तेव्हा फेऱ्यांच्या गुणोत्तराला टॉवेलांच्या संख्येनेही गुणावे लागते. लाभ खरोखरच मोठा होतो. परंतु हाती असलेली मागणी एकाच मापाच्या चादरीची असेल, तर उरलेला पन्हा रिकामा राहतो, आणि रिकाम्या पन्ह्यासाठीही किंमत मोजलेली असते.

टर्किश टॉवेलाच्या विणीत आणखी एक खुबी आहे. त्यात ताण्याचे दोन रूळ असतात, एक घट्ट ताणलेला व दुसरा सैल. नेहमीच्या तीन फेऱ्यांच्या विणीत पहिले दोन फेरे फणी कापडाच्या कडेपर्यंत न नेता थोडे मागे सोडते. तिसऱ्यास ती पूर्ण ठोका देते, आणि तिन्ही फेरे एकत्र पुढे सरकताना सैल ताण्याचे धागे वर उचलले जाऊन फासे बनतात. फाशांची उंची सारखी राहणे हे सैल ताण्याच्या सुटण्यावर अवलंबून असते. नव्या मागांत ही सूट विद्युत नियंत्रणाने होत असल्यामुळे फासे समान येतात. टॉवेल निर्यात करणाऱ्यास वेगापेक्षा हा गुण अधिक मोलाचा वाटला तर त्यात नवल नाही. येथे नव्या मागाची बाजू निःसंशय बळकट आहे, आणि जुन्या मागाविषयीच्या ममतेने ती झाकू नये.

चादरीच्या बाबतीत पारडे इतके स्पष्ट झुकत नाही. धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा कडेला वळून परत येतो, त्यामुळे काठ आपोआप बंद होतो. रॅपिअरवर प्रत्येक फेऱ्यास धागा तोडला जातो. काठ बांधण्यासाठी निराळी योजना करावी लागते, आणि कडेची कातरलेली पट्टी वाया जाते. जाड सुताच्या चादरीत हा वाया जाणारा भाग हिशेबात धरण्याइतका असतो. पण ह्याहून मोठी गोष्ट बाजाराची आहे. सोलापुरी चादरीला व सोलापुरी टेरी टॉवेलाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही इतरत्र, विशेषतः पानिपतकडे, तयार झालेला माल ‘सोलापुरी’ नावाने विकला जातो अशी तक्रार धंद्यात फार दिवसांपासून आहे, आणि मऊ कृत्रिम धाग्यांच्या ब्लँकेटांनी गिऱ्हाईक ओढले ते वेगळेच. ज्या मालाची मागणी आटत आहे तो माल दुप्पट वेगाने काढण्याने मागणी वाढत नाही. अशा वेळी नव्या मागाने लाभ होतो तो एकच माग दोन-तीन मागांचे काम करून मजुरी वाचवितो ह्या वाटेने, आणि तेथे कर्वे समितीचा प्रश्न सत्तर वर्षांनी पुन्हा दारात उभा राहतो.

त्या प्रश्नाचे सोलापुरातील रूप म्हणजे कांडी. धोट्यासाठी कांड्या भरण्याचे काम विणकर वस्तीतील स्त्रियांच्या हाती दीर्घकाळ राहिले आहे. रॅपिअर आला की कांडी भरण्याचे काम कमी होत नाही, ते नाहीसेच होते. माहितीपत्रकात ही बाब ‘कांडीखर्चात बचत’ अशी लिहिली जाते. एकाच वाक्यातील ‘बचत’ हा शब्द कोणाच्या वहीत जमा होतो आणि कोणाच्या घरात उणे होतो, हे वाक्यरचना सांगत नाही. कारखानदाराने म्हणून नवा माग घेऊ नये, असे ह्यावरून सिद्ध होत नाही. पण जेथे कारखानदार, विणकर व कांडी भरणारी एकाच कुटुंबातील असतात, तेथे ही बचत हिशेबातून वजा करावयास हवी, कारण ती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम आहे.

किंमत व कर्ज ह्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते गणित सोपे आहे, कठीण आहे ते त्यात घालावयाचे आकडे. जादा निघालेल्या विकाऊ कापडावरील निव्वळ प्राप्तीतून व्याज, घसारा, वीज व दुरुस्ती वजा जाता माग किती वर्षांत आपली किंमत फेडतो, हे पाहावे. एक पाळी चालणारा माग व तीन पाळ्या चालणारा माग ह्यांचे उत्तर अगदी भिन्न येते. सरकारी साहाय्याने मात्र ह्या गणितात गोंधळ माजविला असे म्हणावे लागेल. वस्त्रोद्योगाच्या तंत्रविकासासाठी केंद्र सरकारने १९९९ साली सुरू केलेली निधी योजना अनेक रूपांतरे होऊन २०२२ मध्ये संपली. तिच्या काळात ‘अनुदान मिळते’ हे माग घेण्याचे कारण म्हणून सांगितले जाई. अनुदानाने किंमत उतरते, पण फेरे वाढत नाहीत, सूत सुधारत नाही आणि चादरीस नवे गिऱ्हाईक मिळत नाही. परदेशांतून येणारे वापरलेले रॅपिअर माग स्वस्त पडतात. त्यांनाही हीच गोष्ट लागू आहे, फक्त सुट्या भागांची चिंता अधिक.

ह्या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा पर्याय आहे, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. साध्या यंत्रमागास ताणा तुटताच थांबविणारी योजना, बाणा तुटल्याचे ओळखणारी योजना व ताणा सारख्या प्रमाणात सोडणारी योजना जोडता येते. २०१७ साली सुरू झालेल्या पॉवरटेक्स योजनेत अशा जोडकामासाठी साहाय्याची तरतूद होती. ह्यामुळे मागाचे फेरे वाढत नाहीत. म्हणूनच कदाचित ही सुधारणा कोणास सुधारणा वाटत नाही. परंतु वर मांडलेल्या तीन राशींपैकी तिसरी, म्हणजे विकाऊ कापडाची, राशी तिने वाढते. धागा तुटूनही चालत राहिलेल्या मागाने विणलेले सदोष कापड वाचते, आणि एका विणकरास अधिक माग सांभाळता येतात. लहान कारखानदारास, विशेषतः चादर काढणाऱ्यास, प्रथम हा पर्याय पारखून पाहणे अधिक शहाणपणाचे दिसते.

‘अपग्रेड’ हा इंग्रजी शब्द आता कारखान्यांतही बोलला जातो. त्याच्या जागी मराठीत ‘सुधारणा’ किंवा ‘आधुनिकीकरण’ घातले तरी अडचण तीच राहते. हे तिन्ही शब्द निकाल आधी देतात व चौकशी मागाहून करतात. सुधारणा नको असे कोण म्हणेल? ‘बदल’ हा शब्द त्या मानाने निर्विकार आहे. माग बदलावा काय, असा प्रश्न केला म्हणजे कशासाठी, कोणत्या सुतावर, कोणत्या मालासाठी, किती पाळ्यांसाठी, हे पुढचे प्रश्न आपोआप विचारले जातात.

त्यांची उत्तरे माहितीपत्रकात मिळत नाहीत, पण मिळविण्याची रीत अवघड नाही. विक्रेत्याच्या किंवा एखाद्या परिचिताच्या नव्या मागावर स्वतःच्या नेहमीच्या सुताचा ताणा चढवावा आणि एक पूर्ण पाळी तो चालवून घ्यावा. माग किती वेळा थांबला, कशाने थांबला व किती मिनिटे थांबला, ह्याची नोंद विक्रेत्याने नव्हे तर कारखानदाराच्या माणसाने करावी. त्याच दिवशी, त्याच सुतावर, घरच्या जुन्या मागाचीही तशीच नोंद ठेवावी. पाळी संपल्यावर दोन्ही रुळांवरील कापड उलगडून दोषांसह मोजावे, आणि मगच विक्रेत्याशी किमतीचे बोलणे सुरू करावे.